जुन्या माठाचं पाणी जास्त गार? नागपुरातल्या एका सहावीच्या वर्गाचं प्रकरण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. साडेदहा वाजले होते आणि शाळेच्या व्हरांड्यात चार टॅबवर एकच गोष्ट दिसत होती: नव्या माठातलं पाणी २८.९४ अंश, तीन उन्हाळे वापरलेल्या जुन्या माठातलं २७.३८. म्हणजे जुना माठ दीड अंशाने सरस. मुलांनी वहीत निष्कर्ष लिहायला घेतलासुद्धा.

तेवढ्यात शाळेच्या मावशी बादली घेऊन बाजूने चालल्या होत्या. त्या थांबल्या. शाळेतले माठ रोज त्याच घासतात, त्याच भरतात. म्हणाल्या, "असं कसं होईन? नव्या माठाचंच पाणी थंडं राह्यते. चाखून पाहा नं."

कोणी चाखलं नाही. टॅबवर दोन दशांश स्थळं होती, मावशींकडे नुसती जीभ. एक मुलगा तर समजावणीच्या सुरात म्हणाला, "मावशी, हे सेन्सर आहे. तुम्हाला वाटून राहिलं, हे मोजून राहिलं."

मीसुद्धा त्या क्षणी गप्प राहिले, हे आधीच कबूल करते. मलाही टॅबचंच खरं वाटलं होतं. पुढच्या काही दिवसांत ते कसं उलटलं, त्याची ही नोंद आहे. सेन्सर आणि टॅब घेऊन मुलांसोबत प्रयोग करायचा विचार असलेल्या शिक्षकांना आणि पालकांना उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात लिहिते आहे.

वर्ग, सामान आणि वेळ

शाळा दक्षिण नागपुरातली, मराठी माध्यमाची. सहावीत ३८ मुलं. टॅब सहा, देणगीतून आलेले आणि स्वस्तातले. त्या हिवाळ्यात वर्गाची सहल रमण विज्ञान केंद्रात नेली होती. तिथे मुलं प्रत्येक बटण दाबून आली आणि परतताना बसमध्ये एकाने विचारलं की आपल्या शाळेत असं काही का नाही. तिथून हे सुरू झालं.

आधी वाटलं, वेगळे सेन्सर घ्यायलाच नकोत, टॅबमध्ये असतातच. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. ते फोनच्या आतले सेन्सर उघडून दाखवतं: त्वरण, चुंबकीय क्षेत्र, प्रकाश, आवाज. आमच्या टॅबवर टाकलं तर निम्म्या गोष्टी फिक्या रंगात, दाबल्या तरी उघडेनात. स्वस्त टॅबमध्ये चुंबकमापक, जायरोस्कोप बहुधा नसतातच. घेण्याआधी हे ॲप टाकून बघितलं तर पैसे वाचतात. माइक मात्र प्रत्येकात असतो आणि त्यावर एक दिवस मजेत गेला. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं मुलांनी चांगल्या आणि तडा गेलेल्या माठावर टिचक्या मारून आवाजाचा आलेख पाहिला. चांगल्या माठाच्या आलेखात एक उंच सुळका यायचा, तडकलेल्याचा नुसता पसारा. पण तो वेगळा विषय.

आम्हाला तापमान हवं होतं, आणि टॅबमधला तापमापक असलाच तर तो स्वतःच्या बॅटरीचं तापमान सांगतो. मग आमचा एक माजी विद्यार्थी मदतीला आला, सध्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड आणि डीएस१८बी२० जातीचे तीन सेन्सर आणले. हा सेन्सर स्टीलच्या टोपणात बंद असलेला मिळतो, मागे मीटरभर वायर असते, म्हणून सरळ पाण्यात सोडता येतो. सगळे त्याला प्रोबच म्हणतात. बोर्ड स्वतःचं वाय-फाय तयार करतो, टॅब त्याला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये पान उघडायचं. इंटरनेट लागत नाही. उलट इंटरनेट नाही म्हणून टॅब कुरकुरतो आणि संधी मिळाली की ऑफिसच्या वाय-फायवर उडी मारतो. ते नेटवर्क आधी टॅबच्या यादीतून पुसून टाकायचं.

भांडी तीन. एक नवा माठ बुधवार बाजारातून आणलेला, एक शाळेतला जुना, आणि तुलनेसाठी स्टीलचा गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं. तिन्हींत सहा-सहा लिटर पाणी, टाकीतलं, सकाळी सव्वासातला साधारण ३१ अंशांचं. प्रश्न मुलांनीच ठरवला: कोण किती गार करतं?

आमची खरी अडचण होती वेळ. एप्रिलमध्ये शाळा सकाळची, साडेअकराला सुटते. माठाची परीक्षा दुपारी तीनला, जेव्हा शाळेत चौकीदाराशिवाय कोणी नसतं. म्हणजे यंत्राने एकट्यानेच नोंदी घ्यायच्या. सेन्सरची गरज तिथे खरी होती. नुसतं सकाळचं मोजायचं असतं तर साध्या तापमापकाने भागलं असतं.

८५ अंशांचा माठ

पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. व्हरांड्यात सॉकेट नाही म्हणून बोर्ड पॉवर बँकेवर चालवला होता. आलेखाची रेघ ३० अंशांच्या आसपास नीट चाललेली, मध्येच तुटायची आणि पुन्हा सुरू होताना एकदम ८५ वर उडी. पोट्टे ओरडले, "मॅडम, माठात चहा होऊन राहिला!"

याचं कारण गमतीदार आहे. या सेन्सरला वीज मिळाली की पहिलं मोजमाप होईपर्यंत त्याच्या आठवणीत ८५ हाच आकडा ठेवलेला असतो, बनवणाऱ्यांनीच. पूर्ण बारकाईने एकदा मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. तेवढं न थांबता विचारलं तर तो ८५ सांगून मोकळा होतो. आणि वायरच निसटली असेल तर आमच्या प्रोग्रॅममध्ये उणे १२७ दिसायचं. तेही तापमान नव्हे, "सेन्सर सापडला नाही" असं सांगण्याची ती पद्धत.

मग वीज वारंवार जात का होती? बोर्ड इतकी कमी वीज ओढतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःला बंद करते. टॅबवर पान उघडलं नाही की कोणीतरी जाऊन तिचं बटण दाबायचं, आणि आलेखावर नवा ८५ उगवायचा. आम्ही पॉवर बँक काढून जुन्या मोबाइलचा चार्जर लावला आणि शिक्षककक्षातून लांब वायर ओढली. माजी विद्यार्थ्याने "मी ८५ गाळून टाकतो, एका ओळीचं काम आहे" म्हटलं. मुलांनी नको म्हटलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की जिथे ८५ तिथे वीज गेली होती. नागपुरातल्या एप्रिलमध्ये ही माहिती फुकटात मिळत असेल तर का पुसायची?

हा किस्सा लांबवून सांगण्याचं कारण आहे. ८५ अंश सगळ्यांना चूक वाटले, कारण ते अशक्य होते. दुसऱ्या दिवशीचे २८.९४ आणि २७.३८ कोणालाच चूक वाटले नाहीत, कारण ते शक्य होते.

ज्यांना टॅब मिळाला नाही

३८ मुलांचे सहा गट, प्रत्येकाला एक टॅब, अशी माझी आखणी. प्रत्यक्षात चारच टॅब जोडले गेले. पाचवा, सहावा जोडायला गेलं की नुसतं फिरत राहायचं. नंतर कळलं की या बोर्डाच्या वाय-फायला एका वेळी चार यंत्रं जोडता येतील अशी मर्यादा मुळातच घातलेली असते, कोडमध्ये वाढवता येते. त्या सकाळी हे कोणाला माहीत नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या गटातली मुलं रुसून बसली. मी प्रयोगशाळेतून दोन साधे काचेचे तापमापक आणून दिले आणि म्हटलं, दर दहा मिनिटांनी तुम्ही हाताने मोजा, वहीत लिहा. खरं सांगायचं तर ती समजूत काढणं होतं.

टॅबवाले गट पंधरा मिनिटांत कंटाळले. एकाच्या हातात टॅब, बाकी पाच जण त्याच्या खांद्यावरून डोकावणारे. रेघ आपोआप सरकत होती, करायला काही नव्हतं. वहीवाल्या दोन गटांना मात्र उसंत नव्हती. झाकण काढा, तापमापक बुडवा, थांबा, बाहेर न काढता वाचा, झाकण लावा, पुढचं भांडं. त्यांच्यातली एक मुलगी दरवेळी माठाला हात लावून बघायची. सूचना कोणी दिली नव्हती.

मावशी बोलून गेल्यावर पाच मिनिटांनी ती वही घेऊन माझ्याकडे आली. नवा माठ २७, जुना साडेअठ्ठावीस. "मॅडम, आमचं मावशीसारखं येऊन राहिलं."

टॅबवाल्यांनी लगेच ठरवलं की तापमापक खराब आहे. तापमापकावर एकेका अंशाच्याच रेघा, अर्धा अंश डोळ्यांनी ठरवायचा, आणि इकडे शंभराव्या भागापर्यंत आकडा. वर्गात मत घेतलं असतं तर टॅब मोठ्या फरकाने जिंकला असता. मी मत घेतलं नाही. त्या दिवशी मी केलेली एवढीच एक शहाणपणाची गोष्ट. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि खाली लिहिलं: यातलं निदान एक चूक आहे. कोणतं, हे कसं शोधायचं?

कोण खोटं बोलतंय

पहिला उपाय मुलांकडूनच आला, आणि तो इतका साधा होता की मला स्वतःला का सुचला नाही असं झालं. सगळ्यांना एकाच ग्लासात टाका. एकच पाणी, मग आकडा एकच यायला हवा.

आला नाही. नव्या माठातला प्रोब ३०.५६ सांगत होता, जुन्यातला २९.७५, गुंडातला ३०.१९. वर्ग एकदम शांत झाला. नंतर जो कल्ला झाला त्यात मला एवढंच ऐकू आलं: "म्हणजे तिन्ही झूठ?"

मग माहितीपत्रक उघडलं. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान हा सेन्सर अर्धा अंश इकडे किंवा अर्धा अंश तिकडे चुकू शकतो, असं बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे एक वर चुकला आणि दुसरा खाली, तर दोघांत जवळपास एक अंशाचं अंतर पडू शकतं आणि तरी दोघेही आपल्या शब्दाला जागलेले असतात. आमच्या दोघांत ०.८१ अंशाचं अंतर होतं.

"मग दोन दशांश कशाला दाखवतो?" हा प्रश्न आला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न. उत्तर एका मुलाने आलेख चाळता चाळता शोधलं. त्याने विचारलं, "मॅडम, यात २७.४० कधीच काऊन नाही येत? २७.३८ येते, मंग डायरेक्ट २७.४४, मंग २७.५०." हा सेन्सर एका अंशाचे सोळा तुकडे करतो, त्यामुळे आकडा सोळाव्या भागाच्या, म्हणजे ०.०६२५ च्या पायऱ्यांनी चढतो. मी फळ्यावर रुपयाचे सोळा आणे काढले. सेन्सर आण्यापर्यंत हिशेब सांगतो, पण त्याच्या तिजोरीत आठ आणे कमी किंवा जास्त असू शकतात. हिशेब बारीक आहे म्हणून बरोबर आहे असं होत नाही. मुलांपैकी कोणी आणा पाहिलेला नव्हता, पण चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द घरात ऐकलेले होते, तेवढ्यावर काम झालं.

दुसऱ्या दिवशी एकाच्या वडिलांच्या रसवंतीवरून बर्फ आला. बर्फ कुटून, त्यात थोडं पाणी घालून, ढवळून त्यात तिन्ही प्रोब आणि दोन्ही तापमापक बुडवले. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य. पहिला प्रोब अधिक ०.४ दाखवत होता, दुसरा उणे ०.४, तिसरा जवळजवळ शून्य. तापमापक शून्याच्या रेघेवर. प्रत्येक प्रोबला रंगीत दोरा बांधला, लाल, हिरवा, पिवळा, आणि वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाची खोड लिहून ठेवली. लाल वाढवून सांगतो, हिरवा कमी करून सांगतो.

एकाला उकळत्या पाण्यातही तपासायचं होतं. ते मी टाळलं, भाजण्याच्या भीतीने तर खरंच, पण आणखी दोन कारणांनी. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे तर ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. आणि ८५ च्या वर या सेन्सरच्या चुकीची हद्द अर्ध्या अंशाहून वाढते. म्हणजे आकडा ९८ आला काय की १०० आला काय, त्यातून काहीच ठरलं नसतं.

आता लाल आणि हिरव्याची खोड वजा केली तरी भांडण मिटेना. जुना माठ अजूनही पाऊण अंशाने गारच दिसत होता. टॅबवाल्या गटांना थोडा धीर आला. पण पुन्हा तीच हात लावून बघणारी मुलगी. ती म्हणाली, आम्ही तापमापक मधोमध धरत होतो, तुमची वायर कुठे आहे ते तरी बघा.

झाकणं काढली. जुन्या माठातला प्रोब तळाला जाऊन पडला होता. नव्यातला वायर आखूड पडल्यामुळे गळ्याशी लटकत होता, अर्धा पाण्यात, अर्धा हवेत. खराट्याच्या काडीला तापमापक बांधून वर, मध्ये आणि तळाशी मोजलं तर एकाच माठात वर आणि खाली एक अंशाहून जास्त फरक. माठाच्या भिंतीशी गार झालेलं पाणी जड होऊन खाली उतरतं, कोमट वर राहतं. माठाला तोटी तळाशी लावतात ती रिकामा करायला सोयीची म्हणून, असं मुलांना वाटत होतं. सर्वांत गार पाणीही तिथेच असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग तिन्ही प्रोब काड्यांना बांधले, पाण्याच्या पातळीखाली एक वीत, भिंतीला न टेकता. साडेदहाला पुन्हा वाचन, खोड वजा करून: नवा माठ २६.८, जुना २८.४, गुंड ३१.९. मावशींना बोलावून आकडे दाखवले. त्यांनी पदराला हात पुसले, "मंग मी काय म्हणत होती?" आणि गेल्या.

जुना माठ मागे का पडला, त्याचं उत्तर त्यांच्याकडेच होतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारट, माठावर बाहेरून पांढरे डाग चढतात. पाणी भिंतीतून झिरपून बाहेर येतं, उडून जातं आणि क्षार छिद्रांतच ठेवून जातं. दोन-तीन उन्हाळ्यांत छिद्रं बुजतात. झिरपणं कमी, उडणं कमी, गारवा कमी.

सपाट रेघ

चार्जर लावल्यावर दुपारचा आलेखही हाती आला. नव्या माठाची रेघ सकाळी वेगाने उतरली, अकराच्या सुमारास २६ च्या जवळ आली आणि मग दुपारभर जवळजवळ आडवी राहिली. बाहेर सावलीत ४० अंश, गुंडाचं पाणी ३६ ला पोचलं, आणि माठ जागचा हलला नाही. बहुतेकांनी लिहिलं: अकरानंतर माठाचं काम थांबलं.

टॅब बघून हेच वाटणार. रेघ हलत नाही म्हणजे काही घडत नाही. हा समज तोडायला मी घरचा वजनकाटा आणला, दहा किलोपर्यंतचा, एका ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा. माठाखाली ताटली ठेवली, कारण नवा माठ थेंब गाळतो आणि गळलेलं पाणी म्हणजे उडालेलं पाणी नव्हे. माठ, ताटली, पाणी सगळं मिळून साडेआठ किलोच्या आसपास. सव्वासात ते अकरा या वेळात वजन १३० ग्रॅमनी घटलं.

आता हिशेब. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला या तापमानाला साधारण २,४०० जूल उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार करायला त्यातून ४.२ जूलच काढावे लागतात. म्हणजे एक ग्रॅम उडालं की पावणेसहाशे ग्रॅम पाणी एका अंशाने गार होऊ शकतं. आमचं सहा लिटर पाणी पाच अंशांनी गार झालं होतं. त्याला सुमारे ५२ ग्रॅम पुरे होते. उडाले १३०. मग बाकीच्या ७८ ग्रॅमनी काय केलं?

हा प्रश्न घरी दिला. सकाळी एकाने आणलेलं उत्तर: "बाहेरून गरमी घुसून राहिली नं सारखी, ते बाहेर फेकून राहिले ते." अगदी तेच, आणि थोडं मातीच्या भांड्याला गार करण्यात गेलं. दुपारी रेघ आडवी असताना माठ सर्वांत जास्त राबत असतो. उन्हाळ्यातली जेवढी उष्णता आत येते तेवढीच तो बाहेर टाकतो, म्हणून रेघ हलत नाही. दुपारी चौकीदाराने दोनदा वजन करून चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. आडव्या रेघेच्या काळातही वजन घटतच होतं, सकाळपेक्षा वेगाने.

टॅबवर प्रयोग करताना स्क्रीनवर जे हलतं तेवढंच मुलांना दिसतं, आणि आम्हा शिक्षकांनाही. काटा नसता तर "काम थांबलं" हे वाक्य मी बरोबरची खूण करून परत दिलं असतं. दिलंही होतं एका वहीत. नंतर ते खोडलं.

माठाची सीमा

परीक्षा आल्या, सुट्टी लागली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जून सरता सरता उघडतात, तेव्हा मुलं सातवीत गेली होती आणि पाऊस लागला होता. तोच नवा माठ, तेच प्रोब. हवा २९ अंश आणि माठ साडेसत्तावीसवर अडून बसलेला. मुलांना आश्चर्य वाटलं नाही. नागपूरच्या प्रत्येक पोराला माहीत असतं की पाऊस पडला की कूलर नुसती दमट हवा फेकतो, गारवा देत नाही. माठ म्हणजे पंखा नसलेला कूलर, हे त्यांनी माझ्याआधी म्हटलं.

पण किती गार होणार, हे आधी सांगता येईल का? आर्द्रतेसाठी निळ्या रंगाचा स्वस्त डीएचटी११ सेन्सर एप्रिलमध्येच आणला होता. तो २० ते ८० टक्के आर्द्रतेसाठी ठीक, तोही पाच टक्क्यांच्या चुकीसह. आमच्या उन्हाळी दुपारी हवा बरेचदा २० च्या खाली, पावसाळ्यात ८० च्या वर. म्हणजे नेमका आम्हाला हवा तेव्हा तो त्याच्या हद्दीबाहेर. तो बाजूला ठेवला आणि पिवळ्या दोऱ्याच्या प्रोबला जुन्या मलमलीची ओली चिंधी गुंडाळली, पुठ्ठ्याने वारा घातला. जुलैत चिंधीतला प्रोब २७ वर थांबला. एप्रिलमध्ये ४० अंशांच्या दुपारी हाच खेळ केला होता तेव्हा तो २३ च्या जवळ थांबला होता. दोन्ही वेळा माठ चिंधीच्या थोडा वर राहिला, खाली कधीच गेला नाही. ओली चिंधी जिथे थांबते ती माठाची सीमा. हवामानवाले याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. मुलं चिंधीचं तापमान म्हणतात, आणि मला ते जास्त आवडतं.

आता काय वेगळं करते

सहाच्या सहा टॅब जोडता यावेत म्हणून कोडमध्ये एक आकडा बदलावा लागतो. मी तो बदलू दिलेला नाही. आजही दोन गट टॅबशिवाय बसतात, दर आठवड्याला पाळी बदलते. सुरुवातीला त्यावर रडारड व्हायची. आता तापमापकाच्या गटात जायला भांडणं होतात, कारण टॅबवाल्यांची चूक पकडण्याची संधी तिथेच मिळते.

टॅब सुरुवातीला पालथे ठेवलेले असतात. आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, मग उलटायचे. पहिला तास बर्फाचा, तो कोणत्याही प्रयोगाआधी. आणि टॅब उन्हात नेत नाही. आयपॅडसारख्या महागड्या टॅबच्या माहितीपत्रकातही वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची हवा सांगितलेली असते आणि नागपुरात ती मार्चमध्येच ओलांडते. आमचे दोन टॅब एका सकाळी व्हरांड्याच्या कठड्यावर विसरले गेले, त्यातला एक तापून बंद पडला, संध्याकाळी सुरू झाला. बोर्ड मात्र खुशाल तग धरून होता.

खर्चाचं विचारतात म्हणून: बोर्ड चार-पाचशे रुपये, प्रोब प्रत्येकी दीडशेच्या आत. वजनकाट्याला याहून फार जास्त लागत नाहीत, आणि माझ्या मते पहिली खरेदी तीच असावी.

२८ फेब्रुवारी

राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळेत प्रदर्शन भरतं. माझी इच्छा होती की मुलांनी दुरुस्त केलेला, नीटनेटका आलेख लावावा. त्यांनी पहिल्या दिवसाचा चुकीचा आलेख मोठा करून लावला, ८५ च्या सुळक्यांसकट, आणि खाली लिहिलं: यात किती चुका आहेत ते शोधा. शेजारी ती तिन्ही भांडी, त्या दिवशी होती तशीच मांडलेली, आणि व्हरांड्याचा नकाशा. उत्तराची चिठ्ठी माठाच्या झाकणाखाली. चिठ्ठीवर तीन चुका: वीज जात होती, प्रोबच्या खोडी, प्रोबची जागा.

एका मुलाचे वडील कूलर बसवायचं, ताट्या भरायचं काम करतात. ते बराच वेळ नकाशासमोर उभे राहिले. मग चिठ्ठी न उघडता म्हणाले, "जुना माठ दाराच्या तोंडाशी ठेवला नं तुम्ही. नवा कोपऱ्यात. त्याले हवाच लागत नाही."

मी चिठ्ठी काढून वाचली, जणू तिच्यात ते असेल. दुरुस्तीनंतरच्या दिवसांतही माठ त्याच जागी होते. जुन्याला वारा मिळत होता, नव्याला नाही. म्हणजे आमचा दीड अंशाचा फरकसुद्धा नव्या माठावर थोडा अन्याय करणारा आहे, खरा फरक कदाचित याहून मोठा असेल. त्याच मुलाने पेन घेतला, चिठ्ठीवर चौथा आकडा टाकला आणि पुढे लिहिलं: जागा अदलाबदल करून पाहणे, एप्रिल.